सकाळचं टपाल, संध्याकाळचा गोषवारा: एआय मदतनिसाला ऑफिसकामाला कसं लावायचं

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर संपत आला होता. शनिवार-रविवार ऑफिस बंद, आणि आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज साचलेले. सोमवारी सकाळी मी ते सगळे एआय मदतनिसाला दिले आणि म्हटलं, दहा ओळींत गोषवारा दे. अर्ध्या मिनिटात नेटका गोषवारा समोर आला. त्यात एक ओळ होती: 'केंद्रावर मापे सुरू असून पावत्या दिल्या जात आहेत.' मी पुढच्या कामाला लागले. अकराच्या सुमारास एक वयस्कर सभासद दारात उभे. "ताई, परवाच ग्रुपवर टाकलं हुतं की. कुणीच बघिना का?" त्यांनी मोबाइल पुढं केला. मेसेज असा होता: 'मापं करूलालेत पण पावती देईनात.'

परभणी, नांदेड, हिंगोलीकडच्या माणसाला यात काहीच अवघड नाही. करूलालेत म्हणजे करत आहेत, देईनात म्हणजे देत नाहीत. यंत्रानं शेवटचा नकार गिळला आणि वाक्य उलटं करून माझ्यापुढं ठेवलं. त्या माणसाचा माप झालेला माल दोन दिवस पावतीविना पडून होता.

मी ते साधन वापरणं सोडलं नाही. माझे रोजचे दीड-दोन तास त्यानं वाचतात आणि ते तास मी सभासदांशी बोलण्यात घालवते. पण त्या दिवसापासून त्याच्याकडून काम घ्यायची रीत बदलली. ती रीत इथं पायरीपायरीनं सांगते.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. तीस वर्षं मी पंचायत समितीत काढली, कनिष्ठ सहाय्यकापासून कार्यालय अधीक्षकापर्यंत. निवृत्तीनंतर वसमत तालुक्यात हळद, सोयाबीन आणि तुरीचं काम करणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस सांभाळते. दोन खोल्या, एक संगणक, मी आणि एक तरुण सहायक. या वर्षभरात मला कळलेली गोष्ट एवढीच की मदतनिसाला आपल्या दप्तराची शिस्त शिकवावी लागते. बारनिशी (आलेल्या टपालाची नोंद), गठ्ठे, गोषवारा ही आपल्या दप्तरातली जुनी घडी आहे. ती त्याला नीट सांगितली की तो उपयोगी पडतो. 'याचा सारांश दे' एवढंच म्हटलं की तो त्याच्या मनानं काहीतरी गुळगुळीत लिहून देतो.

काय द्यायचं नाही, ते आधी ठरवा

चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, कोपायलट यांपैकी काहीही वापरा, तुम्ही दिलेला मजकूर तुमच्या संगणकाबाहेर जातो. म्हणून पहिल्या दिवशी एक कागद घेऊन यादी करा आणि ती टेबलाच्या काचेखाली ठेवा. आमची यादी अशी: आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर, ओटीपी आणि पासवर्ड, गावासह गट नंबर, कुणाच्या आजारपणाचा किंवा घरच्या भांडणाचा उल्लेख असलेलं पत्र, आणि उघडण्याआधीचे कुठलेही दरपत्रक.

नावांचं काय करायचं? भागधारक नोंदवहीत प्रत्येकाला फोलिओ क्रमांक असतो. मजकूर देण्याआधी आम्ही नावाच्या जागी तो घालतो. 'फोलिओ ११२ यांचा अर्ज' म्हटलं की आम्हाला माणूस कळतो, बाहेरच्याला कळत नाही. वर्डमधलं शोधा-आणि-बदला हे काम दोन मिनिटांत करतं. वैयक्तिक माहिती जपण्यासाठी २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम झाला. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. सभासदानं आपला कागद माझ्या हातात दिला आहे, जगाच्या नाही.

चॅटजीपीटीच्या सेटिंग्जमध्ये 'डेटा कंट्रोल्स' म्हणून जागा आहे. तिथं आपल्या गप्पा मॉडेल सुधारण्यासाठी वापरू द्यायच्या की नाही याचं बटण असतं, ते बंद करा. इतर साधनांतही गोपनीयतेच्या सेटिंग्ज बघून घ्या.

सरकारी कार्यालयात असाल तर आणखी एक पाऊल मागे उभे राहा. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर आणि उपकरणांवर अशी साधनं वापरू नका असं कळवलं होतं. तुमच्या कार्यालयाचं धोरण काय आहे ते वरिष्ठांना विचारा, शक्यतो लेखी. नस्तीवरचा, म्हणजे फाइलवरचा, मजकूर आणि 'गोपनीय' शिक्का असलेला कागद कधीही बाहेर देऊ नका. त्या मर्यादेत राहूनही, जाहीर झालेले शासन निर्णय आणि परिपत्रकं वाचून घ्यायला मदतनीस खुशाल वापरता येतो.

कागद आत कसा जातो

इथं निम्मे लोक अडकतात आणि दोष यंत्राला देतात. आपल्याकडं अजून बरीच पत्रं जुन्या फाँटात टाइप होतात: श्री-लिपी, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख, कृतीदेव. पडद्यावर ती सुंदर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि खुणा असतात. असा मजकूर पीडीएफमधून उचलून मदतनिसाला दिला की त्याच्या हाती अक्षरांचा चिवडा लागतो. कधी तो सांगतो की वाचता येत नाही. कधी मात्र मथळ्यावरून अंदाज बांधून पूर्ण गोषवारा लिहून देतो, आणि ते जास्त वाईट.

परीक्षा सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर मजकूर युनिकोड आहे, तसाच द्या. चिवडा दिसला तर त्या पानाचं चित्र करून द्या, म्हणजे तो फाँट न बघता डोळ्यानं बघितल्यासारखं वाचेल. किंवा फाँट बदलणारं कन्व्हर्टर वापरा.

कागदाचा फोटो काढताना तो सपाट ठेवा, खिडकीजवळ घ्या, सावली पडू देऊ नका, एका फोटोत एकच पान ठेवा. मग गोषवारा मागण्याआधी त्याला म्हणा, 'या पानावर जे लिहिलं आहे ते जसंच्या तसं टाइप करून दे.' हे टाइप केलेलं मूळ पानाशेजारी धरून एकदा नजर फिरवा. देवनागरी १ आणि ९, घ आणि ध, भ आणि म यांत त्याची गफलत होते. फॅक्सवरून आलेल्या किंवा तिसऱ्या झेरॉक्सच्या कागदावर तर फारच.

जुन्या दप्तराचा मोह टाळा. निजामाच्या राजवटीतल्या आपल्याकडच्या नोंदी उर्दूत आहेत, मोडीत आहेत, आणि साल फसली, म्हणजे त्या काळच्या महसुली कालगणनेतलं, असतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो. एका सभासदाच्या कागदावरचं असं साल मदतनिसानं थेट इसवी सन धरलं होतं. अशा कागदांसाठी मोडी आणि उर्दू जाणणारा माणूसच गाठावा. वारसाचा, जमिनीचा प्रश्न असतो, अंदाजावर चालत नाही.

सकाळची बारनिशी

दहा वाजता टपाल, ईमेल आणि कालची राहिलेली पत्रं एकत्र येतात. प्रत्येकावर आवक शिक्का आणि तारीख माणसाच्या हातानं पडते, ते काम यंत्राचं नाही. मग वरच्या यादीत बसणारे तपशील झाकून मजकूर मदतनिसाला द्यायचा. त्याला द्यायची सूचना मी वर्षभर घासून अशी केली आहे:

'तू आमच्या ऑफिसातला आवक लिपिक आहेस. खाली आज आलेली पत्रं आहेत. प्रत्येक पत्राची एक ओळ असा तक्ता कर. रकाने: अनुक्रमांक, पत्राचा दिनांक, कुणाकडून, विषय, आपल्याकडून नेमकं काय मागितलं आहे, मुदत, आणि मुदत सांगणारं मूळ वाक्य जसंच्या तसं. पत्रात मुदत नसेल तर "मुदत नाही" लिही, अंदाज करू नकोस. वाचता आलं नाही तिथं "अस्पष्ट" लिही. पत्रात नसलेली कुठलीही माहिती घालू नकोस.'

यातला सगळ्यात मोलाचा रकाना शेवटचा आहे. एका खात्याचं पत्र होतं, 'पत्र प्राप्त झाल्यापासून सात दिवसांत' माहिती मागणारं. पत्रावर तारीख ३, आमच्याकडं पोचलं ९ ला. मदतनिसानं मुदत १० तारीख लिहिली, कारण त्यानं पत्राच्या तारखेपासून मोजलं. मूळ वाक्य शेजारच्या रकान्यात होतं म्हणून चूक तिथल्या तिथं सापडली. तारीख मी आवक शिक्क्यावरून हातानं मोजते आणि मोबाइलच्या कॅलेंडरात आठवण लावते. त्यात रविवार आणि सुट्ट्या बघायच्या असतात, त्या त्याला माहीत नसतात.

सरकारी कार्यालयातल्या मित्रांनी या तक्त्यात 'कायद्याची मुदत' म्हणून आणखी एक रकाना घालावा आणि तो स्वतः भरावा. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवस, तो दुसऱ्या प्राधिकरणाचा असेल तर ५ दिवसांत हस्तांतर. २००५ च्या बदल्या आणि दफ्तर दिरंगाई अधिनियमानं कुठलीही नस्ती सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडं सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं सांगितलं आहे. तुमच्या टेबलावरच्या नस्त्यांची तारीखवार यादी मदतनिसाकडून करून घेतली, तर सातवा दिवस कुणाचा आलाय हे सकाळीच दिसतं.

एकाच विषयाची दोन पत्रं असतील तर विशेष काळजी घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं सोयाबीन खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेली. आमच्याकडं जुन्या आणि नव्या दोन्ही सूचनांचे कागद होते. दोन्ही एकदम दिल्यावर गोषवाऱ्यात आलं, 'ओलावा १२ ते १५ टक्के असावा.' वाचायला अगदी बरोबर वाटतं, आणि पूर्ण चूक आहे. १० टक्के ओलाव्याचा चांगला वाळलेला माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही या वाक्यावरून परत पाठवता येईल. तेव्हापासून सूचनेत जोडलं: 'पत्रं तारखेप्रमाणे लाव. नवीन पत्रानं जुनी अट बदलली असेल तर जुनी कोणती, नवी कोणती आणि कोणत्या तारखेपासून, हे वेगळं लिही.'

गठ्ठे

पंचायत समितीत आम्ही सहा गठ्ठे पद्धत पाळायचो. चालू कार्यवाहीची प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (ठरावीक काळानं पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश संचिका (कायम लागू आदेशांची फाइल), अभिलेख कक्षात पाठवायची, आणि ड वर्गातली नष्ट करायची. तपासणी आली की साहेब आधी गठ्ठे बघायचे. आता कंपनीच्या संगणकावर मी याच सहा नावांचे फोल्डर केलेत. मदतनिसाला सहा नावं आणि प्रत्येकात काय जातं ते एका ओळीत सांगितलं, आणि सकाळच्या तक्त्यात 'गठ्ठा' हा रकाना जोडला.

प्रतीक्षाधीन हा गठ्ठा मला सगळ्यात जवळचा. आपण पत्र पाठवलंय, उत्तर यायचंय, आणि मग ते आपण विसरतो. बँकेला गोदाम कर्जाबाबत लिहिलं, महिना झाला, कुणी विचारलंच नाही. दर शुक्रवारी मी त्या गठ्ठ्याची यादी मदतनिसाला देते आणि विचारते, 'कोणत्या पत्राला १५ दिवस होऊन गेले? प्रत्येकासाठी दोन ओळींचं स्मरणपत्र लिही, मूळ पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक घालून.' स्मरणपत्रं लिहायचा कंटाळा हे प्रकरणं कुजायचं खरं कारण असतं. तो कंटाळा यंत्राला नाही.

ड गठ्ठा मात्र कधीही त्याच्या सांगण्यावरून रिकामा करू नका. काय नष्ट करायचं हे माणसानं, कागद हातात धरून ठरवायचं.

ग्रुपवरचे मेसेज

व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, वरचे तीन ठिपके, 'मोअर', मग 'एक्स्पोर्ट चॅट', आणि 'विदाऊट मीडिया' निवडा. मजकुराची फाइल मिळते. त्यात सगळ्यांची नावं आणि नंबर असतात, ते आधी काढायचे. फोटो आणि व्हॉइस मेसेज यात येत नाहीत हे ध्यानात ठेवा. आमच्याकडचे वडीलधारे लोक बोलूनच पाठवतात, आणि बहुतेक वेळा खरी तक्रार त्यातच असते. व्हॉइस मेसेज मी स्वतः ऐकते आणि एका ओळीत टिपून फाइलला जोडते.

यानंतर बोलीचा प्रश्न. मी एक छोटा शब्दसंग्रह करून ठेवलाय आणि दर वेळी मेसेजच्या आधी तो चिकटवते. थोडे नमुने देते:

'देईनात, येईना, मिळंना, घेईनात: हे सगळे नकार आहेत. देत नाहीत, येत नाही, मिळत नाही, घेत नाहीत.'
'करूलालेत, येऊलालो, चाललालाय: काम आत्ता सुरू आहे.'
'परवा: क्रियापद बघून ठरव. परवा आणला म्हणजे होऊन गेलेला दिवस, परवा आणतो म्हणजे येणारा दिवस. कळलं नाही तर तसं सांग.'
'कट्टा: पोतं. वजन लिहिलेलं नसेल तर किलोत रूपांतर करू नकोस.'
'कांडी आणि गट्टू: हळदीचे दोन वेगळे माल, भाव वेगळा. एकत्र बेरीज करू नकोस.'

तुमच्या भागातले, तुमच्या धंद्यातले शब्द तुम्हीच घाला. लातूरकडची बोली आणि जालन्याकडची बोली एक नाही. आठवडाभर मदतनीस कुठं चुकतो ते टिपत गेलात की यादी आपोआप तयार होते.

सूचना अशी: 'या मेसेजमधून फक्त तीन गोष्टी काढ. तक्रार, प्रश्न आणि माल आणण्याची वर्दी. प्रत्येकीसमोर मूळ मेसेज शब्दशः आणि वेळ लिही. शुभेच्छा, फॉरवर्ड आणि बातम्या सोडून दे. नकार असलेली वाक्यं वेगळ्या यादीत पुन्हा दाखव.' ही शेवटची यादी मी त्या सोमवारनंतर घातली. ती रोज पाच-सात ओळींची असते, आणि मी सगळ्यात आधी तीच वाचते. मूळ मेसेज शब्दशः असल्यामुळे दोनशे मेसेज वाचायची गरज उरत नाही, पण तीस-चाळीस खरे शब्द डोळ्याखालून जातात.

बैठकीचं इतिवृत्त

संचालक मंडळाची बैठक तीन तास चालते आणि त्यात ठरावाचं बोलणं चाळीस मिनिटांचं असतं. इतिवृत्त लिहायला मला पूर्वी दोन दिवस लागायचे, आता एक दुपार लागते. पण सगळ्यात गंभीर चूक मी याच कामात पाहिली आहे.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांना विचारा आणि होकाराची नोंद करा. एकानंही नको म्हटलं तर करू नका. आम्ही रेकॉर्डिंग करत नाही. मी हातानं टिपणं घेते, आणि बैठक संपल्यावर लगेच, डोक्यात ताजं असताना, टिपणं बघून मोबाइलवर बोलून मजकूर तयार करते. मराठी बोललेलं टाइप होण्याची सोय आता चांगली आहे, तरी 'कांडी'चं 'खंडी' होतं, म्हणून एकदा वाचून दुरुस्त करायचं.

मग ते मदतनिसाला दिलं. त्यानं विषय क्रमांक, चर्चा, ठराव अशी सुरेख मांडणी केली. चौथ्या ठरावाखाली लिहिलं होतं, 'सूचक: फोलिओ १७, अनुमोदक: फोलिओ ४२. ठराव सर्वानुमते मंजूर.' माझ्या टिपणात त्या ठरावाला अनुमोदकाचं नावच नव्हतं, मी लिहायचं विसरले होते. त्यानं उपस्थितांच्या यादीतला एक क्रमांक उचलून रिकामी जागा भरली. आणि 'सर्वानुमते'? दोन संचालकांनी स्पष्ट विरोध केला होता, टिपणात तसं लिहिलेलं होतं. इतिवृत्ताच्या नमुन्यात 'सर्वानुमते' येतं म्हणून त्यानं तेच घातलं असावं. ज्यांनी विरोध केला त्यांची संमती कागदावर येणं ही साधी चूक नाही. उद्या वाद झाला तर तो कागदच पुरावा असतो.

त्यामुळे इतिवृत्ताच्या सूचनेत हे असायलाच हवं: 'सूचक, अनुमोदक, मतांची संख्या, रक्कम आणि तारीख टिपणात असेल तरच लिही. नसेल तर ठळक अक्षरात "भरायचे आहे" लिही. "सर्वानुमते" हा शब्द टिपणात असेल तरच वापर. विरोध आणि तटस्थ मत वेगळं नोंदव.' आणि मसुदा आला की ठरावांपुरता टिपणाच्या वहीशी ओळीनं ओळ ताडून पाहा. शेवटी त्याला विचारा, 'या इतिवृत्तातून निघणारी कामं, कुणी करायची आणि कधीपर्यंत, एवढीच यादी दे.' ती यादी त्याच संध्याकाळी संचालकांच्या ग्रुपवर टाकली की पुढच्या बैठकीत 'मला माहीतच नव्हतं' हे वाक्य कमी ऐकू येतं. कंपनी कायद्याप्रमाणे इतिवृत्त बैठकीनंतर ३० दिवसांत नोंदवहीत यावं लागतं, आणि सही अध्यक्षांचीच.

आकडे आणि मापं

बेरीज मदतनिसाकडून करून घेऊ नका. आकडे त्याच्याकडून तक्त्यात घ्या आणि बेरीज एक्सेलमध्ये करा. गप्पांमध्ये त्यानं केलेली लांब बेरीज कधी बरोबर येते, कधी येत नाही, आणि दोन्ही वेळा तो तितक्याच ठामपणे सांगतो.

एकर-गुंठ्याचा घोळ मराठवाड्यातल्या प्रत्येक ऑफिसात होतो, म्हणून तो नीट सांगते. सभासद क्षेत्र लिहितो '१.२०'. त्याच्या मनात एक एकर वीस गुंठे आहे. एकरात ४० गुंठे, म्हणजे हे झालं दीड एकर. मदतनीस ते एक पूर्णांक वीस शतांश एकर धरतो, म्हणजे ४८ गुंठे. एका सभासदामागं १२ गुंठे कमी झाले. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि तिथं १०० आरचा हेक्टर असल्यानं दशांश चालतो. दीड एकराचे तिथं साधारण ०.६१ हेक्टर होतात. एकाच यादीत दोन्ही पद्धती आल्या की गोंधळ पक्का. आम्ही फॉर्मवरच दोन रकाने केले, 'एकर' आणि 'गुंठे', वेगवेगळे. यंत्राला समजावत बसण्यापेक्षा कागद सुधारला की काम सोपं होतं, हे मला अनेक ठिकाणी दिसलं. पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्दही आकड्यात लिहून मगच द्यावेत.

पत्रांचे मसुदे आणि हवाले

त्याची पत्राची मराठी सुरुवातीला खटकते. 'मी आशा करते की आपण कुशल असाल' असं आपल्या दप्तरात कुणी लिहीत नाही. आपलीच तीन-चार जुनी चांगली पत्रं नमुना म्हणून द्या आणि म्हणा, याच धाटणीत लिही. दुसऱ्याच मसुद्यापासून 'उपरोक्त विषयान्वये' जागेवर येतं.

त्यानं एखादा शासन निर्णय सांगितला तर तो खरा आहे का ते बघितल्याशिवाय पत्रात घालू नका. तो क्रमांक आणि दिनांक रचून सांगू शकतो, आणि ते हुबेहूब खऱ्यासारखे दिसतात. शासन निर्णयाच्या शेवटी अठरा अंकी संकेतांक असतो. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकून निर्णय उघडा, स्वतः वाचा, मग हवाला द्या. मोठी कागदपत्रं, योजनेच्या मार्गदर्शक सूचना वगैरे असतील तर नोटबुकएलएमसारखं साधन बरं. तुम्ही चढवलेल्या कागदांच्या आधारे ते उत्तर देतं आणि कोणत्या उताऱ्यावरून दिलं तेही दाखवतं. तो उतारा उघडून बघायचा आळस करू नका.

संध्याकाळची पंधरा मिनिटं

नवीन गप्पा सुरू केल्या की मदतनिसाला कालचं सगळं आठवेलच असं धरू नका. त्याची आठवण तुम्हालाच ठेवावी लागते. मी 'कार्यविवरण' नावाची एक साधी फाइल ठेवली आहे. संध्याकाळी साडेपाचला दिवसाचा तक्ता त्यात येतो, आणि झालेल्या कामापुढं मी स्वतः 'निकाली' लिहिते. मग पूर्ण फाइल देऊन विचारते: 'आज काय निकाली निघालं, काय राहिलं, उद्या कोणत्या तीन कामांची मुदत जवळ आली आहे? एका पानात गोषवारा दे.' तो छापून उद्याच्या टपालावर ठेवायचा. वीज गेली, नेट गेलं तरी सकाळी कागद समोर असतो. आमच्याकडं पावसाळ्यात ते नेहमीचंच आहे.

वर दिलेल्या सगळ्या सूचना एका वहीत लिहून ठेवा, तारखेसह. चूक सापडली की सूचनेत एक वाक्य वाढवा आणि कशामुळं वाढवलं ते शेजारी लिहा. माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर 'पावती देईनात' असं लाल शाईनं लिहिलंय.

रजेवर जाताना

जानेवारीत मी आठ दिवस गावी गेले होते. पूर्वी प्रभार द्यायचा म्हणजे दोन तास तोंडी सांगायचं आणि मग फोन वाजत राहायचा. या वेळी कार्यविवरणाची फाइल देऊन मदतनिसाला म्हटलं, 'माझ्या जागी बसणाऱ्या नवीन माणसासाठी प्रभार टिपणी लिही. प्रत्येक चालू प्रकरण दोन ओळींत, पुढचं पाऊल कोणतं, मुदत कधी, मूळ कागद कोणत्या गठ्ठ्यात.' चार पानं झाली. मग सहायक मुलीला शेजारी बसवून आम्ही दोघींनी प्रत्येक ओळीचा मूळ कागद गठ्ठ्यातून काढून बघितला. एका प्रकरणात गठ्ठा चुकीचा होता, तो दुरुस्त केला. दुसऱ्या एका ठिकाणी तिनंच विचारलं, "मॅडम, हे 'परवा' म्हणजे कोणता दिवस?" मूळ मेसेज काढला. सभासदानं लिहिलं होतं, 'परवा ४० कट्टे आणतो, गोदाम उघडं ठेवा.' तिनं टिपणीत तारीख हातानं लिहिली आणि गोदामाची किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली.